हातभर आत

देवसांगवीच्या ट्रॉलीतून सहा पाइप खाली उतरले तेव्हा सकाळचे आठही वाजले नव्हते, पण बन्सीचं डोकं मात्र तापून तयार होतं.

तसे ते पाइप म्हणजे काही फार देखणी वस्तू नव्हे. साखर कारखान्याच्या भंगारातून उचललेले, दोन उभे एक आडवा असे दोन संच, दर वर्षी त्यांना पांढरा ऑइलपेंट फासायचा एवढंच त्यांचं कौतुक. पण शेवगाव तालुक्यातल्या गव्हाळी आणि देवसांगवी या शेजारशेजारच्या गावांत त्या सहा पाइपांवरून साडू साडूशी बोलेनासे झाले होते. इतर गावांत यात्रेच्या दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा हगामा भरतो. इथं फुटबॉलची फायनल होते. कधीकाळी विष्णुपंत नावाचे मास्तर बदलीवर आले, ट्रंकेत दोन बॉल घेऊन आले आणि दोन्ही गावांची डोकी कायमची फिरवून गेले. शिवेवरच्या गायरानात मैदान झालं आणि मास्तरांच्याच वेळी रिवाज पडला, की जिंकेल त्या गावानं गोलाचे पोल न्यायचे. ढाल नाही, कप नाही, पोल. हरलेल्या गावानं ते आपल्या हातानं उपटून द्यायचे आणि पुढचं वर्षभर बाभळीच्या मेढी रोवून, वर सुतळी बांधून खेळायचं.

गव्हाळी सहा वर्षं मेढींवर खेळत होती.

बन्सी गव्हाळीचा. पेशानं गवंडी, वय चोपन्न, आणि फुटबॉलचा नाद इतका की लेकीच्या लग्नाची तारीखसुद्धा त्यानं फायनल टाळून धरली होती. मैदानावर फक्की मारायचं काम, म्हणजे चुन्याच्या पांढऱ्या भुकटीनं रेघा आखायचं काम, बावीस वर्षं त्याच्याकडे होतं. बुडाला भोकं पाडलेला पत्र्याचा डबा, सुतळीचं रीळ, चुन्याचं घमेलं, एवढाच त्याचा संसार. पण रेघ अशी सुटायची की सांगवीकरही तिला नाव ठेवत नसत. या दोन गावांचं कशावरच एकमत नव्हतं. रेफरी नगरहून आणावा लागे, हाफागणिक बॉल बदलावा लागे, प्यायच्या पाण्याचे टँकरही वेगवेगळे. रेघ मात्र बन्सीआण्णाची, आणि ती सगळ्यांना कबूल. लोकांनी असं म्हटलं की बन्सी वरवर हसून झटकून टाकायचा, आणि आतून तेवढ्यावरच जगायचा.

आता डोकं तापायचं कारण. ज्यांच्याकडे पोल असतील त्यांनीच ते मैदानात आणून रोवायचे. रोवायला आलेल्या सांगवीकरांत पुढं होते आप्पासाहेब, म्हणजे बन्सीचे व्याही. त्याची लेक अश्विनी चार वर्षांपूर्वी त्यांच्या घरात दिलेली. माणूस उमदा, मनानं मोठा, फक्त तोंडाला लगाम नाही. पोल रोवून झाल्यावर हात झटकत त्यांनी विचारलं,

"काय आण्णा, यंदा बी चाळनीच उभी करनार का गोलात?"

चाळणी म्हणजे समर्थ, बन्सीचा मुलगा, गव्हाळीचा गोलकीपर. गेल्या साली शेवटच्या मिनिटाला साधा सरपटत आलेला बॉल त्याच्या दोन पायांमधून गेला आणि त्या दिवसापासून त्याचं हे नाव पडलं. सांगवीकर म्हणायचे ते एक वेळ समजू शकतं. गव्हाळीतही म्हणायचे. पंचवीस वर्षांचा धट्टाकट्टा माणूस चौकात बसेनासा झाला, बहिणीला दिवाळीला आणायलाही सांगवीत गेला नाही. पहाटे उठून शाळेच्या भिंतीवर एकटाच बॉल मारत बसायचा. आईला त्यानं सांगून ठेवलं होतं, यंदा एक जरी गोल खाल्ला तर पुन्हा बॉलला हात लावणार नाही. पडवीत बसलेल्या बन्सीला ते ऐकू आलं होतं आणि ऐकल्यापासून त्याचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं.

"चाळनी का काय ते संध्याकाळी कळंल," असं म्हणून बन्सीनं व्याह्यांकडे पाठ केली आणि तो उत्तरेकडच्या गोलापाशी गेला.

तिथं रागाच्या भरात त्यानं बावीस वर्षांत कधी केली नव्हती अशी चूक केली. सुतळी बांधायची पोलांना, तर त्यानं ती बांधली पोलांच्या मागं पूर्वी कधी जाळीसाठी ठोकलेल्या खुंट्यांना. त्या खुंट्या चांगल्या हातभर मागं होत्या. मनातल्या मनात आप्पासाहेबांना उत्तरं देत, डबा हलवत तो या टोकापासून त्या टोकाला गेला. उभा राहिला, वळून बघितलं आणि कपाळावर हात मारला. पांढरीशुभ्र, सरळसोट, कुठं केसभर वाकडी नाही अशी रेघ. पण गोलाच्या हातभर आत.

त्यानं इकडंतिकडं पाहिलं. आप्पासाहेब ट्रॉलीपाशी तंबाखू मळत होते. बन्सीनं घाईघाईनं खराट्यानं ती रेघ झाडली, वर पायानं माती ओढली, सुतळी सोडून पोलांना बांधली आणि खरी रेघ मारली. चुना एकदा मातीत बसला की पुरता जात नाही. खाली पट्टा राहतोच. पण वरून पाहणाऱ्याला तो दिसला नसता. दिसला असता तर फार तर लोक हसले असते, आणि बन्सीला नेमकं तेच नको होतं. म्हणून तो कोणाला काही बोलला नाही.

चार वाजता मॅच सुरू झाली तेव्हा गायरानात पाय ठेवायला जागा नव्हती. चैत्राचं ऊन उतरायचं नाव घेत नव्हतं. पूर्वेला गव्हाळी, पश्चिमेला सांगवी, दोन्हीकडं बांबूला बांधलेले दोर आणि दोरांवर रेललेली माणसं. लग्न होऊन गेलेल्या लेकींनी सासरच्या बाजूला बसायचं, हाही रिवाजच. त्यामुळं सख्खा भाऊ गव्हाळीच्या गोलात उभा असताना अश्विनी सांगवीच्या बायकांत लिंबाखाली बसली होती. सासूनं पाहिलं की ती टाळ्या वाजवायची, आणि बॉल समर्थकडे गेला की पदराचं टोक दातांत धरायची. मैदानाच्या कोपऱ्यातून जाता-येता बन्सीनं ते दोनदा पाहिलं आणि दोन्ही वेळा त्याला गंमतही वाटली, गलबलूनही आलं.

पहिल्या हाफात गव्हाळीच्या ज्ञानेश्वरनं कॉर्नरवर डोकं लावलं आणि एक गोल झाला. हलगी कडाडली. सहा वर्षांत पहिल्यांदाच गव्हाळी पुढं होती. म्हाताऱ्यांनी टोप्या उडवल्या, आणि मग त्या कोणाच्या कुठं गेल्या यावरून आपसांतच वाद घातला.

दुसऱ्या हाफाला समर्थ उत्तरेकडच्या गोलात आला. बन्सी पोलापासून तीन पावलांवर, मैदानाबाहेर, घमेलं पालथं घालून त्यावर बसला. हाफमध्ये रेघ उजळायची असते म्हणून ती जागा त्याचीच होती, तिथून त्याला कोणी उठवत नसे. मुलाच्या एवढ्या जवळ बसायचं म्हणजे सोपं नव्हतं. समर्थचा श्वास त्याला ऐकू येत होता.

सांगवीनं गोलाला वेढाच घातला. त्यांचा सुनील म्हणजे पायात बॉल आला की थांबणारा गडी नव्हे. त्यानं डावीकडून हाणला, समर्थनं मुठीनं उडवला. उजवीकडून हाणला, समर्थनं आडवं पडून छातीवर घेतला. तिसऱ्या वेळी बॉल पोलाला घासून बाहेर गेला तेव्हा बन्सीच्या लक्षात आलं की आपण घमेल्यावर नसून गुडघ्यांवर बसलो आहोत. पूर्वेकडून कोणीतरी ओरडलं, "भिंत हाय रं भिंत! चाळनी कोन म्हनलं?" बहुधा म्हणणाराच ओरडत होता. समर्थनं वळून पाहिलं नाही, पण त्याची मान ताठ झालेली बन्सीनं पाहिली. वर्षभरात ती मान अशी त्यानं पाहिली नव्हती. देवा, बास आता, एवढ्यावर शिट्टी वाजू दे, असं तो पुटपुटला.

सत्तर मिनिटांच्या मॅचला चार मिनिटं उरली होती. सुनीलला वीस पावलांवर बॉल मिळाला आणि त्यानं डोळे झाकून हाणला. समर्थ झेपावला, पण बोटं पोचली नाहीत. बॉल पोलाजवळच आडव्या पाइपाच्या खालच्या अंगाला लागला, पाइप घंटेसारखा वाजला, आणि बॉल सरळ खाली आला. पांढरी फक्की भस्सकन उडाली. बॉल उसळी मारून बाहेर आला, आणि पडलेल्या समर्थनं वळून तो रेघेवरच पोटाशी कवटाळला.

"रेघेवर! फक्की उडाली!" पूर्व बाजू ओरडली.

"गोल! आत हुता, आत!" पश्चिम बाजू ओरडली.

नियम दोन्ही गावांच्या पोराटोरांनाही पाठ होता. बॉल रेघेला टेकला तर गोल नाही. अख्खा बॉल रेघ ओलांडून गेला पाहिजे. आणि फक्की तर हजार माणसांनी उडालेली पाहिली होती. ज्या अर्थी फक्की उडाली त्या अर्थी बॉल रेघेवर पडला, यात शंका घ्यायला जागाच नव्हती.

जागा एकट्या बन्सीला होती. त्यानं तीन पावलांवरून पाहिलं होतं. पोलांमधली खरी रेघ तिथं अखंड होती, तिला काही झालं नव्हतं. बॉल पडला होता तो सकाळी पुसलेल्या पट्ट्यावर. मातीखालचा चुना उडाला होता आणि तिथं वाटीएवढा गोल खळगा पडला होता, पांढरा, स्वच्छ, हातभर आत. गोल होता. एक-एक अशी बरोबरी होती.

दोन्हीकडचे दोर खाली गेले आणि माणसं मैदानात घुसली. बन्सीनं आपलं घमेलं उचललं, तीन पावलं आत जाऊन ते त्या खळग्यावर पालथं घातलं. का घातलं, हे त्याला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. खूण तुडवली जाऊ नये म्हणून, की कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून? हात आधी गेला. विचार मागून आला, आणि तो बरा नव्हता.

पाहता पाहता गोलापुढं शे-दीडशे माणसं झाली. खरी रेघ पायांखाली गेली. कोणीतरी कोणाची गचांडी धरली. सांगवीच्या दोन पोरांनी दोराचे बांबू उपटून हातात घेतलेले बन्सीला दिसले. गव्हाळीकडूनही एक दगड आला आणि पाइपावर आपटला. बंदोबस्ताचे दोन पोलीस रस्त्यापलीकडच्या रसवंतीत होते, तिथून त्यांना एवढंच कळलं असणार की आरडाओरडा वाढला आहे.

रेफरी सुश्रुत सर नगरच्या एका कॉलेजात शिकवायचे. तिशीतला सडपातळ माणूस, घामानं निथळलेला. त्यांनी लाइन्समनला विचारलं. तो म्हणाला, मधे पोरं होती, बॉल दिसला नाही, फक्की उडालेली दिसली. सरांनी खाली पाहिलं, तर रेघेचा पत्ता नव्हता. तेवढ्यात गर्दी कोपरांनी बाजूला सारत आप्पासाहेब पुढं आले.

"थांबा रं! बांबू खाली ठेव आधी, ए!" त्यांनी आपल्याच पोराला दरडावलं. मग रेफरीकडे वळून म्हणाले, "सर, भांडून काय हुनार? आण्णा हितं तीन पावलांवर बसल्याले हुते. त्यास्नी इचारा. त्ये सांगतील ते सांगवीला मान्य."

"आप्पा, त्यो गव्हाळीचा हाय! वर कीपर त्याचाच पोरगा!" मागून सुनील ओरडला.

"म्हाईतंय मला. माझा व्याही हाय त्यो. बावीस वर्सं त्येच्या रेघेवर खेळतोय ना आपन? एकदा तरी वाकडी मारली का त्यानं? मग गप बस."

ओरडणाऱ्यांनी एकमेकांना गप्प केलं. सुश्रुत सर बन्सीसमोर येऊन उभे राहिले. बन्सीचा एक पाय घमेल्यावर होता.

"काका, हे खरं तर नियमात बसत नाही. पण दोन्ही गावांची तयारी आहे म्हणून विचारतो. बॉल रेघेवर पडला, की पूर्ण आत गेला होता?"

बन्सीनं समर्थकडे पाहिलं. तो अजून खाली बसला होता, बॉल पोटाशी धरून, आणि बापाकडे एकटक बघत होता. त्या नजरेत काय आहे हे नीट पाहायचं बन्सीनं टाळलं. त्याच्या मागं गव्हाळीची माणसं उभी होती. सहा वर्षं मेढी रोवणारे हात, सुकलेली तोंडं, "सांगा आण्णा, सांगून टाका." पश्चिमेला, माणसांच्या डोक्यांवरून, लिंबाखालच्या बायका उठून उभ्या राहिलेल्या दिसत होत्या. त्यांच्यात अश्विनीचं हिरवं लुगडं होतं. पायाखालचं घमेलं तापल्यासारखं वाटत होतं. एकच शब्द बोलायचा होता. एक शब्द बोलला असता तर पोराची मान पुन्हा खाली गेली असती, या वेळी कायमची. आणि तसं बघितलं तर कोणाला कळणार होतं?

"रेघेवर पडला," बन्सी म्हणाला. आवाज स्वच्छ आला. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"बघा, झालं समाधान?" आप्पासाहेबांनी मागं वळून दोन्ही हात वर केले. "आण्णांनी सांगितलं. चला, बाहेर व्हा सगळे. चार मिनिटं ऱ्हायल्यात, खेळा."

समर्थनं मान खाली घातली. बन्सीला वाटलं, दमला असेल.

त्या चार मिनिटांत सांगवीनं बॉल दोनदा गोलापर्यंत आणला, पण त्यांच्या पायांतला जोर गेला होता. शिट्टी वाजली. मग जे झालं त्यावर दुसरी कुठली वेळ असती तर बन्सीनं जीव ओवाळून टाकला असता. गुलालाची पोती फुटली. हलगी, शिट्ट्या, नाच. दोघांतिघांनी त्याला खांद्यावर घेतलं, आणि "बन्सीआण्णाची रेघ!" असा नवाच जयजयकार सुरू झाला. त्याच्या तोंडात, डोळ्यांत गुलाल गेला. खांद्यावरून त्याला सगळं मैदान दिसत होतं, आणि त्याची नजर एका घमेल्यावरून हलत नव्हती. मला खाली उतरवा, तो म्हणत होता. कोण ऐकतंय!

मग त्याला आप्पासाहेब दिसले. खांद्यावर पहार टाकून ते उत्तरेच्या गोलाकडे एकटेच चालले होते. हरलेल्या गावातल्या जाणत्यानं पहिला पोल उपटायचा, हा रिवाज आप्पासाहेब मोडणार नव्हते. पोलाच्या बुडाशी पहार घालण्याआधी त्यांनी आडवं आलेलं घमेलं उचललं आणि बाजूला ठेवलं.

ते तसेच वाकलेले राहिले. बन्सीनं खांद्यावरून उडी मारली, गुडघ्यावर आपटला, उठून धावला. पण पोचेपर्यंत व्हायचं ते झालं होतं. आप्पासाहेब उकिडवे बसून पोलापासून त्या खळग्यापर्यंत हात लावून माप घेत होते. कोपर पोलाला, बोटं खळग्यात. बरोबर एक हात. त्यांनी वर बघितलं. बन्सी चार पावलांवर उभा होता, गुलालानं माखलेला, धापा टाकत.

आप्पासाहेबांचा चेहरा काही वाईट झाला नाही. वाईट झाला असता तर बरं झालं असतं. त्यांनी पायातल्या वहाणेनं तो खळगा पुसला, नीट, दोन्ही बाजूंनी माती ओढून, जशी सकाळी बन्सीनं रेघ पुसली होती तसाच. मग पहार उचलली आणि पोलाच्या बुडाशी घातली.

"आण्णा."

मागं समर्थ उभा होता. सगळं गाव लाल झालं होतं आणि याच्या अंगावर गुलालाचा कण नव्हता. लावायला आलेल्यांचे हात त्यानं धरून ठेवले असणार.

"बॉल आत हुता," तो हलक्या आवाजात म्हणाला. "माझ्या डोक्यामागं पडला, मला आवाज आला. मीच सांगनार हुतो सरांना. पन तुमी हुता ना तिथं. म्हनलं, आण्णा सांगतील. दुसऱ्या कुनी खोटं सांगितलं असतं, पन आण्णा खरं सांगतील. म्हनून मी गप बसलो."

"तुझ्यासाठी..." एवढंच तो म्हणाला.

"एक गोल खाल्ला मी," समर्थ म्हणाला. त्यानं हातमोजे काढले, घमेल्यात ठेवले आणि तो शेतांमधल्या वाटेनं घराकडे निघाला.

बन्सीला अशी लाज आयुष्यात वाटली नव्हती. पोरासाठी केलं म्हणावं, तर पोराचं तर काहीच उरलं नव्हतं. तो वळला आणि सरळ मांडवाकडे चालू लागला. मांडवात कॉमेंट्रीवाला माइकवर गव्हाळीच्या शौर्याचं वर्णन करत होता आणि सुश्रुत सर कागदावर निकाल लिहीत होते. बन्सीनं कॉमेंट्रीवाल्याच्या हातातून माइक काढून घेतला.

"ऐका," तो म्हणाला. कर्णा खरखरला. "गोल हुता. त्यो बॉल आत हुता, हातभर आत. सकाळी माझी रेघ चुकली हुती, ती मी पुसली. फक्की उडाली ती त्या पुसलेल्या रेघेची. मी खोटं बोललो."

हलगी थांबली. टँकरच्या नळाचं ठिबकणं ऐकू आलं. गव्हाळीची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. सांगवीचे लोक परतीच्या वाटेवर थबकले, आणि मघाचे दोन बांबू पुन्हा हातांत आले. सुश्रुत सर उभे राहिले. "काका, काय बोलताय तुम्ही?"

पहार टाकून आप्पासाहेब आले. सावकाश आले, मांडवात शिरले, बन्सीच्या हातातून माइक घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

"माझे व्याही लई भोळं मानूस हाय. कुनी म्हनू नये की पोरासाठी बोललं, म्हनून आता उलटं सांगाया लागल्यात. मी आत्ता सोता गोलात जाऊन बघून आलो. बॉल रेघेवरच पडला हुता. सांगवी हारली. बास, इषय संपला."

मग गव्हाळीच्या बाजूनं कोणीतरी हसलं. "आण्णाला ऊन लागलं!" दुसरा म्हणाला, "आनंदानं डोकं फिरलं आण्णाचं." हसू पसरत गेलं, हलगी परत सुरू झाली. सांगवीच्या पोरांनी बांबू टाकले. आप्पासाहेबांच्या शब्दापुढं बोलायची त्यांची प्राज्ञा नव्हती. सुश्रुत सरांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, आणि कागदावर सही केली.

बन्सी तिथंच उभा होता. खरं बोलूनही कोणी ऐकत नाही म्हणजे काय, हे त्याला चोपन्नाव्या वर्षी कळत होतं.

"चला," आप्पासाहेब म्हणाले. "पोल उचलू लागा. शिवेपतुर आमी सोडायचे असत्यात."

शेवटचा आडवा पाइप दोघांनी खांद्यावर घेतला. पुढचं टोक आप्पासाहेबांच्या, मागचं बन्सीच्या. पुढं गव्हाळीची मिरवणूक नाचत चालली होती. लिंबाखालून जाताना अश्विनी दिसली. ती बापाकडे बघून हसली, सासरा हरला तरी हसली, आणि बन्सीनं नजर दुसरीकडे वळवली.

"आप्पा, का केलंत असं?" थोडं पुढं गेल्यावर त्यानं विचारलं.

आप्पासाहेबांनी मागं पाहिलं नाही. "त्या पोरांच्या हातातले बांबू बघितले न्हाई का तुमी? आन दुसरं सांगू का. आपल्या अश्विनीला आमच्या गावात जन्म काढायचाय. जिंकलेल्याची लेक म्हनून आमी तिला वर्सभर चिडवू. ती बी चिडंल, हसंल, चालतंय. खोटारड्याची लेक म्हनून तिला कुनी बोललं तर मी कुनाकुनाचं तोंड धरू?"

पाइप जड होता, आणि तो सहा वर्षांनी गव्हाळीकडं चालला होता.

शिवेवरच्या दगडापाशी त्यांनी पाइप खाली टेकवला. गव्हाळीची पोरं तो घ्यायला धावत येत होती. आप्पासाहेबांनी उपरण्यानं मान पुसली, आणि मग पहिल्यांदाच बन्सीच्या डोळ्यांत बघितलं.

"पुढल्या साली रेघ मारायला येऊ नका, आण्णा," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "कायतरी कारन सांगा. पाठ दुखती म्हना. आमी दुसरा मानूस बघू."

बन्सीनं खिशात हात घातला. सुतळीचं रीळ निघालं, बावीस वर्षं वापरून गुळगुळीत झालेलं. त्यानं ते व्याह्यांच्या हातावर ठेवलं. आप्पासाहेबांनी ते सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि सांगवीच्या वाटेला लागले. तेवढ्यात पोरं येऊन पोचली, आणि पाइपाबरोबर त्यांनी बन्सीलाही उचललं.